पेटीतला एक सिलिंडर

नरसिंग सोनकांबळेच्या स्टोअरमधून एक नट बाहेर काढायचा म्हणजे माहेरी रुसून बसलेल्या बायकोला परत आणण्याइतका वेळ लागे. दोन्हीकडे आधी पायरीवर बसावं लागे, चहा प्यावा लागे, आपल्या चुका ऐकून घ्याव्या लागत, आणि एवढं करून रिकाम्या हातानं परतायची तयारी ठेवावी लागे.

हे स्टोअर म्हणजे तालुक्यातल्या साऱ्या हातपंपांच्या सामानाची खोली. निजामाच्या काळात तिथं तहसीलदाराची घोडी बांधत. घोडी गेली, निजाम गेला, आमचा बिदर जिल्हा हैदराबादेतून उचलून म्हैसूर राज्यात ठेवला, म्हैसूरचं पुढं कर्नाटक झालं, पण पावसाळ्यात त्या खोलीला घोड्याचा वास यायचा तो येतच राहिला. त्या वासात, एका लंगड्या टेबलामागं, सदऱ्याच्या खिशाला पिनेनं किल्ल्या अडकवून नरसिंग बसे. माणूस इतका उंच की दारातून आत येताना वाकायचा आणि आत आल्यावर सरळ व्हायचं विसरायचा. बोलणं कमी. जे बोले त्यातलं निम्मं एकच वाक्य असे: "जुना कुठाय?"

कारण त्याचा नियमच तसा होता. जुना द्या, नवा घ्या. मोडलेला भाग टेबलावर ठेवल्याशिवाय नवा भाग फळीवरून उतरत नसे. हा नियम सरकारनं केला नव्हता. नरसिंगनं स्वतः केला होता, आणि सरकारी नियमाला जशा चार पळवाटा असतात तशी एकही त्यात ठेवली नव्हती.

त्याला किल्ली मिळाली १९७९ साली. त्याच्या आधीचे स्टोअरकीपर दिलदार गृहस्थ होते. इतके दिलदार, की तालुक्यातल्या कितीतरी खाटांना, पाळण्यांना आणि बैलगाड्यांना हातपंपाचे नट होते, फक्त हातपंपांना नव्हते. एका पुढाऱ्याच्या अंगणातला झोपाळा पंपाच्या साखळीवर झुलत असे, आणि त्यावर रोज संध्याकाळी तो पुढारी स्वतः बसूनही ती साखळी कधी तुटली नाही, हे त्या मालाच्या दर्जाचं प्रमाणपत्रच म्हणायचं.

नरसिंग रुजू झाला त्या दिवशी कचेरीतला हेडक्लार्क वीरण्णा पानाला चुना लावत म्हणाला, "आता बघा, सगळे पंप जयभीमवाल्यांच्या वस्तीत उगवायला लागतील." वाईट मनानं म्हणाला नव्हता. वीरण्णा कुठलीच गोष्ट मनानं म्हणत नसे, तोंडानंच म्हणे, आणि चहा आला की विसरून जाई. पण नरसिंगनं ते ऐकलं. चामड्याचे वाशर तेलात भिजवून ठेवावेत तसा तो ऐकलेला शब्द भिजवून ठेवणारा माणूस होता. त्याच्या समाजातला त्या कचेरीत किल्ली हातात आलेला तो पहिला. आपल्या हातून एक स्क्रू जरी ओळखीच्या माणसाकडं गेला तर बोट एकट्या आपल्याकडं वळणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून नियम.

त्या नियमाचा सर्वांत जास्त जाच भीमण्णा मिस्त्रीला. भीमण्णा मूळचा निंबर्ग्याचा, पंप दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम. मिश्या भरघोस, मराठी कानडी वळणाची, आणि स्वभाव असा की नियम दिसला की त्याला खाज सुटे. एकदा त्यानं एकच झिजलेला वाशर दोनदा देऊन दोन नवे नेले. तिसऱ्यांदा नरसिंगनं तो उजेडात धरून पाहिला.

"हा माझ्या ओळखीचा हाय, भीमण्णा."

"सगळे वाशर भावाभावासारखे दिसतात, अण्णा."

"ह्याच्यावर तुझ्या तंबाखूचा डाग हाय."

दुसऱ्या दिवसापासून नरसिंग जमा झालेल्या प्रत्येक जुन्या वाशराच्या कडेला कात्रीनं खाच मारून कान पाडू लागला. भीमण्णा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी येऊन म्हणाला, "माझ्या सासऱ्यानं माझ्यावर एवढी नजर ठेवली असती तर मी बिडी सोडली असती."

साहेबांनाही सूट नव्हती. खुद्द इंजिनिअर साहेबांना घरच्या खाटेसाठी एक बोल्ट हवा होता. शिपाई आला. नरसिंगनं विचारलं, "जुना कुठाय?" शिपायानं निरोप नेला. साहेब लाल झाले, मग हसले, मग त्यांनी बाजारातून बोल्ट आणवला आणि क्लबात चारचौघांना ही गोष्ट रंगवून सांगितली. त्या दिवसापासून नरसिंगचा प्रामाणिकपणा ही कचेरीची मिरवायची वस्तू झाली. कुणी मोठा पाहुणा आला की त्याला आधी स्टोअर दाखवत.

स्टोअरच्या कोपऱ्यात एक निळी पत्र्याची पेटी होती. त्याच्या बायकोनं, सुमनबाईनं, मुडबीहून माहेरचा आहेर म्हणून आणलेली, झाकणावर दोन मोर काढलेली. सुमनबाई अधूनमधून पेटी परत मागे. "लेकरांचे कपडे उंदरं खायलेत आन् माझ्या पेटीत लोखंड झोपवलंय," म्हणे. त्या पेटीत राखीव नग असत. फळीवरचं सगळं संपलं तरी पेटी उघडत नसे. तिच्यातला माल कुणासाठी, तर ज्या गावात दुसरा पंप नाही, विहीर आटलेली, आणि ज्याच्यासाठी कचेरीत शब्द टाकणारं कुणी नाही, अशा गावासाठी. वीरण्णा म्हणे, "राखीव जागेवर आलास आन् आल्या आल्या राखीव पेटी केलास." नरसिंग म्हणे, "व्हय." एवढंच.

नरसिंगचं गाव कंठेवाडी. गावात त्याची आई चांगुणाबाई एकटी राही.

चांगुणाबाईला थांबणं जमत नसे. भाकरी टाकताना ती तव्याला लवकर तापायला सांगे. बस यायच्या आधीच बसच्या दिशेनं चालायला लागे, आणि बस मध्येच गाठून ड्रायव्हरला उशिराबद्दल बोल लावी. अशा बाईनं लग्न होऊन आल्यापासून तीसेक वर्षं गावाच्या विहिरीच्या कट्ट्याखाली थांबून काढली. वस्तीतल्या बायकांनी खाली घागर घेऊन उभं राहायचं, आणि वर पाणी शेंदणाऱ्या एखादीच्या मनात आलं की तिनं वरून ओतायचं, ही तिथली पद्धत. नरसिंग पाच-सहा वर्षांचा असताना वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला आणि गावातली मेलेली ढोरं ओढायची सोडली. गावानं पाणी वाढायचं सोडलं. ते एक वर्ष वस्ती ओढ्यातल्या वाळूत खड्डे करून त्यात झिरपणाऱ्या पाण्यावर जगली. त्या वर्षी चांगुणाबाईची दोन लहानगी गेली. पुढं समेट झाला, पाणी सुरू झालं, पण कट्टा वर आणि घागर खाली हे तसंच राहिलं.

१९८१ साली सरकारी गाडीनं वस्तीच्या उतारावर बोअर मारला आणि हातपंप बसवला. हे नरसिंगनं केलं नव्हतं. बोअर कुठं मारायचे ते वरून ठरून यायचं, आणि आपल्या वस्तीचं नाव यादीत आहे हे कळल्यावर तो आनंदण्याऐवजी आठवडाभर घाबरलेला होता. पण चांगुणाबाईला हे कोण पटवणार? पहिलं पाणी आलं तेव्हा तिनं ओंजळीनं प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता कुनापुढं घागर धरायची न्हाई." मग ती त्या पंपाची मालकीणच होऊन बसली. सकाळी पदरानं दांडा पुसायची. पोरं दांड्याला लोंबकळली की काठी घेऊन निघायची. "उतर रं. माझ्या लेकाचं वाशर झिजायलंय." वाटसरू पाणी प्यायला थांबला तर त्याला गाव, काम आणि लेकरंबाळं विचारल्याशिवाय दांडा हातात देत नसे. नरसिंग तिला तालुक्याच्या गावी राहायला बोलवी. ती म्हणे, "तुमच्यात नळाला रांग असती. मी कामून येऊ?"

१९८५ला पाऊस गेला, त्याच्या आदल्या वर्षीही बेताचाच होता. दिवाळीच्या सुमारास साहेबांनी नरसिंगला बोलावून सांगितलं की औंदा सामानाला निम्मीच रक्कम आहे. काय मागवायचं आणि काय नाही, ते तुम्हीच ठरवा. तुमच्यावर विश्वास आहे.

नरसिंग आणि भीमण्णा स्टोअरच्या पायरीवर बसले. हातपंपात रोज झिजणारी वस्तू म्हणजे चामड्याचे वाशर. ते पाण्याला खालून वर ढकलतात, आणि काही महिन्यांत त्यांची चाळणी होते. ते ज्या नळकांड्यात वर-खाली होतात तो सिलिंडर. आतून पितळी, खोल पाण्यात बुडालेला, महाग. तो वर्षानुवर्षं टिकतो.

"वाशर, साखळ्या, बेअरिंग," नरसिंग म्हणाला. "रोज हेच जातंय."

"आन् सिलिंडर?"

"गेल्या साली मोजून चार गेले. एका सिलिंडरच्या पैशात वाशर किती येतात ठाव हाय का तुला?"

"मला ते येत न्हाई अण्णा. पाइप वर घेतल्यावर हाताला काय लागतं तेवढं मला कळतं. वाळू लागायली."

"दर उन्हाळ्यात लागतीच की."

"औंदा दिवाळीतच लागायली. पानी खाली जायलंय. वाळू पितळ खाती. पाइपाच्या जोडाच्या आट्या खाती."

नरसिंगनं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा काढल्या. सिलिंडर घेतला तर एक गाव चालतं, त्याच पैशाच्या वाशरांत वीस गावं चालतात. कुणालाही विचारा, तो वीसच म्हणेल. शिवाय वाशर कमी पडले तर वीस गावांतले लोक येऊन विचारणार, आणि त्यांतला एक तरी म्हणणार की माल कुठं गेला ते आम्हाला माहीत आहे. त्यानं गेल्या सालाकडं बघून यंदाचं ठरवलं. वाशर भरपूर, साखळ्या भरपूर, सिलिंडर अगदी थोडे. भीमण्णा उठताना म्हणाला, "तुझ्या हातात किल्ली हाय. माझ्या हातात पाना हाय. बघू."

माघ सरेपर्यंत थोडे सिलिंडर संपले. फळीवर वाशरांच्या चळती लागल्या होत्या, त्यांच्या तेलाचा वास घोड्याच्या वासावर मात करू लागला होता, आणि बाहेर पायरीवर बसलेले लोक सिलिंडर मागत होते. नरसिंगनं बिदरला तार केली. पुढच्या आठवड्यात माल येतो असं उत्तर आलं. असं उत्तर दर आठवड्याला येत राहिलं. पेटीत एक सिलिंडर उरला. एका बड्या आसामीची चिठ्ठी आली, तरी तो निघाला नाही. एका गावची माणसं ट्रॅक्टर भरून आली आणि शिव्या देऊन गेली, तरी निघाला नाही. त्यांच्या गावात दुसरा पंप होता.

चैत्रात भीमण्णा कंठेवाडीहून आला तो गँगच्या ट्रकमधून उतरून तडक टेबलापाशी आला. मग म्हणाला, "तुझ्या वस्तीचा पंप गेला. आट्या तुटल्या. खालचा पाइप सिलिंडरसकट बोअरात पडला."

नरसिंगच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जुना कुठाय?"

"बोअरात. आत्ताच सांगितलं न्हवं? पेटी उघड."

"जुना न्हाई तर नवा कसा देऊ?"

"गेल्या साली एका तांड्याचा असाच पडला होता, तवा दिलास की."

दिला होता. तेव्हा नरसिंग स्वतः सायकलवरून त्या तांड्यावर गेला होता, बोअरात दोरी सोडून खात्री केली होती, आणि पाच माणसांचे अंगठे घेऊन मगच पेटी उघडली होती.

"तितं पाच मानसं परकी होती," तो म्हणाला. "इतं अंगठे कुनाचे घेऊ? माझ्या चुलत्याचे? मावशीचे? आईचे?"

"मग गावच्या पाटलाचा घे."

"त्याच्या दारात जाऊन म्हनू काय, की आमच्या वस्तीला पानी पाहिजे, सही द्या? दील तो. मग जलमभर सांगत फिरंल."

"मी लिहून देतो. मी बघितलंय माझ्या डोळ्यानं."

"तू माझा दोस्त हायस. वीरण्णा काय म्हनंल?"

"वीरण्णा आज काय म्हनला ते उद्या सकाळी त्यालाच आठवत न्हाई," भीमण्णा म्हणाला. पण नरसिंगला वीरण्णाचं सगळं आठवत होतं. हीच तर पंचाईत होती.

दोन दिवसांनी चांगुणाबाई स्वतः आली. बसमधून उतरून तडक स्टोअरकडं. पायरीवर बसलेल्या माणसांत तिला जागा करून दिली गेली, कारण ती कुठल्या वस्तीतली हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा क्रमांक येईपर्यंत ती बसून राहिली. थांबणं न जमणारी बाई एवढा वेळ गप्प बसलेली पाहून आत नरसिंगच्या हातातलं काम दोनदा चुकलं.

"आई, घरी जा. सुमन हाय घरी."

"मी घरी आले न्हाई. ऑफिसात आले. पंपाचं काय?"

"माल यायलाय बिदरहून. आठ दिवसांत बसवतो. सगळ्यात आधी तुमचा."

"भीमण्णा म्हनला तुज्याकडं एक हाय."

नरसिंग पायरीवरच्या माणसांकडं बघत हळू म्हणाला, "तो राखून ठेवलेला हाय."

"कुनासाठी?"

"ज्या गावाचं इतं कुनीच न्हाई, त्याच्यासाठी."

"आमचं कोन हाय इतं?"

"मी हाय की, आई. मी हाय म्हनून तर देता यिना."

चांगुणाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. राग नव्हता. एखादं लेकरू तापात काहीतरी बडबडतं आणि आई ते समजून घ्यायचा प्रयत्न करते, तशी ती पाहत होती.

"म्हंजी तू इतं नसतास तर आमाला मिळालं असतं."

पायरीवरचा एक जण म्हणाला, "मावशी, त्यांनी आमालाबी दिलं न्हाई. मानूस कडक हाय, पर सगळ्याला सारखाच." म्हणणाऱ्यानं बिचाऱ्यानं कौतुकच केलं होतं, आणि ते ऐकून नरसिंगची मान थोडी वर झाली. ती वर झालेली मान चांगुणाबाईनं पाहिली.

"तवर पानी कुठलं?" तिनं विचारलं.

"आठ दिवस गावच्या विहिरीवरनं आना. मी पाटलाला निरोप..."

"तितं मी हुबारायची न्हाई."

"आठ दिवस फक्त, आई."

"एक दिवसबी न्हाई." ती उठली. त्यानं चहा मागवला, ती प्यायली नाही. त्यानं बसच्या तिकिटाचे पैसे दिले, ते तिनं घेतले, कारण येतानाचे उसने आणले होते. जाताना म्हणाली, "पाठ सरळ करून बस. म्हातारा दिसायलास."

वस्तीतल्या निम्म्या बायका मुकाट्यानं विहिरीवर जाऊ लागल्या. कट्ट्याखाली पुन्हा घागरी लागल्या. विहिरीतही पाणी थोडंच होतं, त्यामुळं वरच्यांच्या मनात येईपर्यंत दुपार व्हायची. चांगुणाबाई आणि तिच्यासोबत काही म्हाताऱ्या ओढ्यात उतरल्या. वाळूत खड्डा केला, वाटीवाटीनं पाणी भरलं, फडक्यानं गाळलं. वरच्या अंगाला ढोरं बसत होती, तहानेनं मेलेलं एक वासरूही तिकडंच कुठंतरी पडलं होतं. फडक्यातून काय गाळलं जातं आणि काय नाही, हे फडक्याला थोडंच कळतं? भीमण्णा एकदा वाट वाकडी करून ट्रकमधून दोन पिंप पाणी वस्तीत टाकून गेला. नरसिंगला कळल्यावर त्यानं सरकारी डिझेलचा हिशेब विचारला. भीमण्णानं त्याच्यासमोर टोपी जमिनीवर आपटली आणि निघून गेला.

आठ दिवस गेले. बिदरचा माल आला नाही. नरसिंगनं पुन्हा तार केली. सुमनबाई सांगते, त्या दिवसांत तो घरी जेवताना मध्येच थांबून विचारी, "मी काय चुकीचं करायलोय का?" ती म्हणे, "देऊन टाका की." तो म्हणे, "मग ह्याच्या आधी ज्यांना न्हाई दिलं त्यांना काय सांगू?" आणि भात कालवत बसे.

कंठेवाडीत हगवण-उलट्या सुरू झाल्याचा निरोप सकाळच्या बसच्या कंडक्टरनं आणला. तो पायरीखालूनच ओरडून सांगून गेला, कारण बस सुटत होती. नरसिंग तेव्हा जुन्या वाशरांना कान पाडत होता. तो उठला, पेटीपाशी गेला, किल्ली लावली, सिलिंडर काढून खांद्यावर घेतला आणि बाहेर आला. पायरीवर बसलेले बाजूला झाले. कुणी काही मागितलं नाही. भीमण्णानं ट्रक चालू केला. जुन्या नगाचं कुणी विचारलं नाही, अंगठ्यांचंही नाही.

वाटेत बैलगाडी भेटली. वस्तीतली माणसं चांगुणाबाईला दवाखान्यात नेत होती. नरसिंग ट्रकमधून उतरला तेव्हा गाडीवान बैलांना वळवत होता, म्हणजे परत वस्तीकडं तोंड करत होता. तिच्या पायाशी गाडीत आणखी एक लहानसं गाठोडं होतं. शेजारच्या घरातलं तान्हं पोर.

भीमण्णानं आणि गँगनं त्याच सकाळी पंप उघडला. सिलिंडर सोडला, नवे पाइप जोडले, दांडा लावला. काम काही तासांचंच होतं, ते तेवढ्याच वेळात झालं. आधी गढूळ पाणी आलं, मग वाळू, मग स्वच्छ. वस्तीतल्या बायकांनी त्या पाण्याच्या पहिल्या घागरी चांगुणाबाईच्या शेवटच्या अंघोळीसाठी नेल्या. नरसिंग दांडा मारत होता. कुणीतरी म्हणालं पुरे झालं, तरी मारत होता. भीमण्णानं येऊन त्याचा हात दांड्यावरून काढला.

दुपारी डॉक्टर आले, औषधाची पूड आली, पाण्यात टाकायच्या गोळ्या आल्या, साहेबांची जीपही आली. वस्तीनं नरसिंगला एका शब्दानं बोल लावला नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याचा म्हातारा चुलता सगळ्यांसमोर म्हणाला, "त्यानं दिलं असतं तर गाव म्हनलं असतं, आपल्यांना दिलं." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. नरसिंग ते ऐकत उकिडवा बसला होता. कुणीतरी एखादी तरी शिवी देईल म्हणून तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. कुणी दिली नाही.

पुढच्या सव्वीस जानेवारीला कचेरीत झेंडावंदनानंतर छोटा समारंभ ठेवला होता. साहेबांची बदली होणार होती आणि त्यांना जाता जाता एक चांगलं काम करून जायचं होतं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी कानडीत भाषण केलं, मध्ये मध्ये आमच्यासाठी मराठीही मिसळली. खाटेच्या बोल्टची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ज्या माणसानं स्वतःच्या आईच्या पंपाला सुद्धा राखीव सिलिंडर दिला नाही, असा स्टोअरकीपर साऱ्या जिल्ह्यात दाखवा." टाळ्या पडल्या. वीरण्णानं सर्वांत मोठ्यानं वाजवल्या, आणि खरोखर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण सात वर्षांपूर्वी काय म्हणालो होतो ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

नरसिंग शाल घ्यायला उठला. वाकून उभा राहिला. साहेबांनी शाल घातली. मग तो म्हणाला, "साहेब, एक विचारू?"

"विचारा की."

"तो नग मी कुनाला द्यायला पाहिजे होता?"

साहेब हसले. "तुम्ही नियमाप्रमाणं केलंत, नरसिंगराव."

"नियम सरकारचा न्हवता, साहेब. मीच केलता. सिलिंडर कमी मागवायचं बी मीच ठरवलतं. भीमण्णा न्हाई म्हनला होता. लोकांनी मला चोर म्हनू नये म्हनून मी ते सगळं केलं. पान्यासाठी न्हाई केलं."

साहेबांनी त्याच्या खांद्यावरची शाल नीट केली. शिपायाला वाटलं भाषण संपलं, म्हणून तो चहाचा ट्रे घेऊन आला. नरसिंगनं खिशाची पीन काढली आणि किल्ल्यांचा जुडगा ट्रेमध्ये, कपांच्या शेजारी ठेवला.

"मला गँगमध्ये घाला. पाइप उचलायला."

लोकांना तो नम्रपणा वाटला, आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

भीमण्णानं दोन्ही वेळा वाजवल्या नव्हत्या. तो आधीच बाहेर येऊन ट्रकच्या पायरीवर बिडी ओढत बसला होता. नरसिंग येऊन शेजारी बसला. शाल अजून खांद्यावर होती, ती त्यानं काढून घडी घातली आणि कुठं ठेवावी ते न कळून मांडीवर ठेवली.

"गँगमध्ये उन्हात उभं राहावं लागतंय," भीमण्णा म्हणाला. "तुझी पाठ ही असली."

"उचलतो."

"अर्ज वर जाऊन खाली यायला सहा महिने लागतील."

"तवर सुट्टी टाकून येतो."

भीमण्णानं बिडी विझवली.

"उद्या उजाडायच्या आत निघायचंय," तो म्हणाला. "लांबचं गाव हाय. भाकरी बांधून आन."